सत्तेचाळीसावं पान

मी तापट मानूस हाय. ह्ये आधीच सांगून टाकतो, म्हंजे मागनं कुनी म्हनायला नको की शिंगट्यानं लपवलं. लपवायचं त्ये एकदा लपवून बसलोय, आन् त्येचंच ह्ये सांगनं हाय.

मी जोतीराम शिंगटे. फौजेत सिग्नलमधी सतरा वर्षं काढली, हवालदार म्हनून घरी आलो आन् साताऱ्यात पोवई नाक्यापासनं जरा आत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्या वक्ताला, म्हंजे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालात, रेडिओ दुरुस्त करनारा म्हंजे एकटा जीव. गावात दुसरा जाननारा नसायचा, आन् असला तर त्यो कशाला सांगतोय? पुस्तकं समदी इंग्रजीत. अडलं की अडलं, गिऱ्हाईक दारात बोंब मारतंय आन् आपून सेट उघडून त्येच्या तोंडाकडं बघत बसायचं.

म्हनून कराडच्या तात्यांनी एक वही काढली. तात्या आमच्यात वयानं मोठे, त्येंचं दुकानबी लय जुनं. दोनशे पानी जाड वही, ती खाकी कापडाच्या पिशवीत घालायची, पिशवीला सुतळीची गाठ मारायची आन् एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात द्यायची. सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज, विटा, फलटन आन् परत सातारा. अशी सात दुकानं. ज्येला अडचन असंल त्येनं वहीत प्रश्न लिवायचा, ज्येला ठावं असंल त्येनं खाली उत्तर लिवायचं. फेरा पुरा व्हायला महिना लागायचा, पन महिन्यानं का हुईना, उत्तर यायचं. एका पैशाची अपेक्षा न करता यायचं. फौजेतबी असा भाईचारा मी बघितला न्हवता, खोटं कशाला बोलू.

वहीचे नियम हुते. पानाच्या एकाच बाजूला लिवायचं, कारन शाई फुटती. पान फाडायचं न्हाई. उत्तर लागू पडलं तर ज्येनं प्रश्न इचारला त्येनं त्या उत्तराशेजारी लाल टिक मारायची. दिवाळीत तात्यांकडं फराळाला जमायचं, वर्षभराच्या टिका मोजायच्या, आन् ज्येच्या जास्त त्येला तात्या नारळ द्यायचे. एक नारळ, दुसरं काय न्हाई. पन त्या नारळासाठी आमी वर्षभर जळायचो.

आनखी एक नियम हुता, त्यो माझा. येऊन गेलेला प्रश्न कुनी परत लिवला तर वही पुढं जायची न्हाई. उलटी त्येच्याकडंच धाडायची. त्येनं मागली पानं वाचायची, उत्तर हुडकायचं, आपला प्रश्न आपल्याच हातानं खोडायचा, आन् मगच वही सोडायची. ह्येला आमी ‘वही उलटी फिरली’ म्हनायचो. ज्येच्यावर फिरली त्येची दिवाळीपतोर चेष्टा. एकच धडा धा बारी कशाला द्यायचा, असं मी तात्यांना म्हनलो हुतो, आन् तात्यांनी मान डोलवली हुती.

आता मोघे. नारायण मोघे, सांगलीत विश्रामबागेत दुकान. मानूस म्या कवा बघितला न्हवता. त्येची आई अंथरुनाला खिळलेली, म्हनून त्यो दिवाळीला कराडला यायचा न्हाई. मला ठावं हुतं त्ये नुसतं त्येचं अक्षर. शाईच्या पेनानं लिवलेलं, हलकं, मोत्यासारखं. शेजारी पट्टीनं काढलेली आकृती. समद्यांना ‘आपण’ आन् ‘कृपया’. माझं अक्षर म्हंजे नांगरट. बॉलपेन असा दाबायचो की पुढच्या पानावर शब्द उमटायचे. तात्या म्हनायचे, “शिंगटे, अवं कागुद हाय त्यो, जमीन न्हवं.”

त्येचं उत्तर बरोबर आलं की माझं पित्त खवळायचं. एकदा मी वहीत लिवलं, ‘सांगलीकर, हे पुस्तकात बघून सांगताय का सेटात हात घालून?’ म्हैन्याभरानं खाली उत्तर आलं, ‘हात घालूनच. पण आधी प्लग काढून.’ समद्या वाटंवरचे लोक हसले. मीबी हसलो, पन मनातनं न्हाई.

तरी मानूस दिलदार. एकदा माझ्याकडं एक जुना सेट आला, त्येचा व्हॉल्व्ह, म्हंजे आतली काचेची नळी, पुन्यातबी मिळंना. मी वहीत लिवलं. वही सांगलीला पोचली त्येच्या दुसऱ्याच दिवशी गाडीतनं एक डबी आली. आत कापसात गुंडाळलेला व्हॉल्व्ह आन् चिठ्ठी: ‘माझ्याकडे पडून होता. पैसे नकोत.’ सेट वाजाय लागला. मी टिक मारली, मारावीच लागली. पन त्या दिवशी जेवन गोड लागलं न्हाई. दुस्मनानं उपकार केला की लय जड जातं बघा.

चौऱ्याहत्तरच्या भादव्यात विट्याच्या लालासाहेबानं सत्तेचाळीसाव्या पानावर प्रश्न टाकला. रेडिओ चांगला वाजतोय, पन बटनाला हात लावला की झिनझिन्या येतात. काय करू? फलटनवाल्यानं काय लिवलं न्हाई. वही माझ्याकडं आली. मला वाटलं, ह्ये तर डाव्या हातचं काम. फौजेत आमी वायरलेसच्या गाड्यांना अर्थिंग करायचो. मी पानाच्या खालच्या अंगाला दाबून लिवलं: ‘आतल्या पत्र्याला तार जोडा. बाहेर लोखंडी खुंटी ठोकून तार तिला बांधा. खुंटीवर रोज पाणी ओता.’ खाली सही केली, हवालदार शिंगटे.

पुढच्या फेऱ्यात वही आली तवा माझ्या उत्तरावर लाल फुली हुती. समासात मोघ्यांचं मोत्यासारखं अक्षर: ‘श्री. शिंगटे यांचा उपाय कृपया करू नये. जिवावर बेतेल. या सेटात ट्रान्सफॉर्मर नाही. लाइटची एक तार सरळ आतल्या पत्र्याला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की पत्र्यात करंट येतो, आणि अर्थिंग केले तर तोच करंट बाहेर खुंटीपर्यंत जाईल. टेस्टर लावून पाहा, प्लग फिरवून बसवा, पिनेवर खूण करा, बटणाच्या स्क्रूवर मेण भरा.’ शेजारी आकृती. तिच्याशेजारी विट्याची लाल टिक आन् लालासाहेबाचा शेरा, ‘थोडक्यात वाचलो.’ त्येच्याखाली फलटनवाल्यानं लिवलं हुतं, ‘हवालदार, गोळी उलटी सुटली!’

माझं डोकं फिरलं. मोघ्यांचं बरोबर हाय ह्ये वाचताक्षनीच कळलं हुतं, त्येचाच जास्त राग आला. फौजेतल्या सेटाला ट्रान्सफॉर्मर असतो, ह्या घरगुती सेटाला नसतो, ह्ये मी सपशेल इसरलो हुतो. दिवाळीला तीन आठवडं उरलेलं. त्येच्या एकोनीस टिका, माझ्या अठरा, आन् त्येची एकोनिसावी ह्याच पानावर. आन् कराडला समद्यांसमोर ह्ये पान निघनार, ती लाल फुली समदे बघनार.

मी पान फाडलं. टर्रकन आवाज आला, त्यो अजून कानात हाय.

दिवाळीत तात्यांनी इचारलं, सत्तेचाळीस कुठं हाय? मी म्हनलो, दुकान गळलं, पान भिजून लगदा झाला, काढून टाकलं. लालासाहेबानं माझ्याकडं बघितलं आन् चकली मोडली. फलटनवाल्यानं च्याच्या कपात तोंड घातलं. टिका झाल्या अठरा-अठरा. मोघे हजर न्हवता, मी हुतो, म्हनून तात्यांनी नारळ माझ्या हातात दिला. साताऱ्याला येऊन त्येची बर्फी केली, शेजाऱ्यांना वाटली. कशी लागली म्हनाल तर आठवत न्हाई.

पुढच्या फेऱ्यात मोघ्यांनी एक ओळ लिवली: ‘पान ४७ दिसत नाही. धोक्याची माहिती आहे, कृपया परत लावावे. न मिळाल्यास मी पुन्हा लिहून काढीन.’ त्येच्याखाली मी लिवलं, ‘ते भिजून गेले. मीच पुन्हा लिहितो आहे. थांबा.’ आन् त्यो थांबला. सज्जन मानसाला थांब म्हनलं की त्यो थांबतो. पान हुतं माझ्या फौजेच्या ट्रंकंत, वर्दीच्या घडीत. फाडलं खरं, पन जाळायला हात धजला न्हाई.

पंच्याहत्तर साल उजाडलं आन् विटा-फलटनच्या मधी वहीत आठवं दुकान आलं. दहिवडी. बिराप्पा काळेल. धनगराचा पोरगा, आठ वर्षं मुंबईत एका रेडिओच्या दुकानात झाडलोट आन् हमाली केली, बघून बघून काम शिकला. मानदेशातली समदी बाप्यं मुंबईला जातात, ह्यो एकटा परत आला. वहीत पहिल्यांदा त्येनं लिवलं त्ये मला तोंडपाठ हाय: ‘मी नवीन आहे. बाजारपेठेत पत्र्याचे दुकान टाकले आहे. हे चालले तर बायकापोरांजवळ राहीन, नाहीतर परत मुंबई. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.’ तात्यांनी खाली लिवलं, ‘या.’ मोघ्यांनी दोन पानं भरून पहिल्यापासनं काय काय शिकावं त्ये लिवलं. मी लिवलं, ‘नियम पाळा.’

चैत्र सरता सरता त्येचा दुसरा प्रश्न आला. ‘दुकानापुढे मोठा रेडिओ लावतो, त्याच्यावर गिऱ्हाईक जमते. पण बटणाला हात लावला की मुंग्या येतात. लोक भितात. काय करावे?’

तोच प्रश्न! वाचला आन् मला असं झालं की कुनीतरी ट्रंकंचं झाकन उघडलं. उत्तर मला ठावं हुतं. चार ओळी लिवायच्या हुत्या. पन त्या चार ओळी मोघ्यांच्या. त्या माझ्या हातानं लिवायच्या म्हंजे माझं चुकलं हुतं ह्ये माझ्याच हातानं लिवायचं. न्हाई लिवलं तर वही पुढं सांगलीला जानार, मोघे लिवनार, सत्तेचाळीस परत निघनार. मग मला माझा नियम आठवला. असा राग आला की जसं काय चूक त्या पोराचीच हाय. लिवलं: ‘हा प्रश्न मागे येऊन गेला आहे. आधी वही वाचावी, मग लिहावे. हवालदार शिंगटे.’ पिशवीत घातली, गाठ मारली. आमच्या आळीतला कोंडीबा दहिवडीच्या गाडीवर कंडक्टर हुता, त्येच्या हातात दिली. म्हनलो, “काळेलाला दे. म्हनावं, वही उलटी फिरलीया.”

कोंडीबा म्हनला, “आवं, पोरगं लय गरीब हाय, दुकान झाडून पानी मारून वाट बघत बसतंय पिशवीची. त्येच्यावर कशाला?”

“तू तिकिटं फाड,” मी म्हनलो.

नऊ दिसांनी वही फलटनवरनं फिरून माझ्याकडं आली. सकाळचे अकरा वाजले असतील. उघडली. बिराप्पानं आपला प्रश्न खोडला हुता, पट्टी धरून, एकाच सरळ रेघंनं. बरं वाटलं मला. मग पानं चाळता चाळता अठ्ठेचाळीसावं पान आलं आन् माझं बोट तिथंच थांबलं.

पानाचा खालचा कोरा भाग शिसपेन्सिलीनं घासून काळा केला हुता. त्या काळ्यात पांढरी अक्षरं उठून आली हुती. माझी. ‘आतल्या पत्र्याला तार जोडा. बाहेर लोखंडी खुंटी ठोकून तार तिला बांधा. खुंटीवर रोज पाणी ओता. हवालदार शिंगटे.’ माझ्या दाबून लिवन्याचं ओरखाडं पुढच्या पानावर राहिलं हुतं. मोघ्यांच्या हलक्या शाईची रेघसुदीक तिथं उमटली न्हवती. माझं चुकीचं तेवढं वहीत मागं राहिलं, त्येचं बरोबर तेवढं माझ्या ट्रंकंत.

शेजारी लाल टिक. आन् खाली: ‘सर्व पाने दोन वेळा वाचली. ४७ मिळाले नाही, पण साहेबांचे अक्षर उमटले होते ते घासून वाचले. त्याप्रमाणे केले. मुंग्या गेल्या. फार आभारी आहे. पुन्हा असा प्रश्न विचारणार नाही. बि. काळेल.’

आता ऐका. मी वेडा न्हवतो. मुंग्या का गेल्या ह्ये मला कळत हुतं. त्या दिवशी प्लग योगायोगानं सुलटा बसला असंल, म्हनून गेल्या. ज्या दिवशी उलटा बसंल त्या दिवशी खुंटीत करंट. मानदेशातली जमीन उन्हाळ्यात भाकरीच्या तव्यासारखी कोरडी, करंट जमिनीत जिरायचा न्हाई, खुंटीतच वाट बघत थांबनार. आन् त्या खुंटीवर ते पोरगं रोज वल्ल्या हातानं पानी वतनार. कारन हवालदारानं सांगितलंय.

एक वाजता दहिवडीची गाडी हुती. कोंडीबाच हुता गाडीवर. मी गेलो असतो तर चारच्या आत पोचलो असतो. जाऊ दे, नुसती चिठ्ठी दिली असती, ‘तार काढ’, दोन शब्द, तरी भागलं असतं. पन का काढ म्हनून त्यो इचारनार, मग मोघ्यांचं नाव, मग पान. मी सवताला म्हनलो, टिक पडलीया न्हवं? चाललंय न्हवं? चाललेल्या सेटाला हात लावू न्हाई. एक वाजता गाडी माझ्या दुकानापुढनंच गेली. कोंडीबानं खिडकीतनं हात केला. मीबी केला.

वही दोन दिवस ठिवून घेतली आन् कराडला लावून दिली.

त्येच्यानंतर आठ-धा दिसांनी एक बारीक चनीचा, पांढऱ्या सदऱ्यातला, जाड भिंगाचा मानूस दुकानात आला. म्हनला, “शिंगटे आपणच ना? मी मोघे.”

मी खुर्ची दिली. च्या मागवला. त्यो कप तसाच धरून बसला. मग सांगाय लागला, शांतपनी, वहीत लिवतो तसंच.

“परवा वही माझ्याकडे आली. अठ्ठेचाळीसावं पान बघितलं आणि आईपाशी शेजारणीला बसवून पहिल्या गाडीनं दहिवडीला गेलो. मी पोचलो त्याच्या आदल्या दिवशी झालं होतं. बाजाराचा दिवस. कुणीतरी प्लग काढून परत लावला. बिराप्पा पाणी ओतायला गेला, खुंटी हलली म्हणून ओल्या मुठीनं धरली. मूठ सुटेना. बायकोनं मुसळानं तार तोडली म्हणून जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं जळली. डॉक्टर म्हणतात, ती वाकडीच राहतील.”

मी समोरच्या उघड्या सेटाचा स्क्रू आवळत बसलो.

“मी तार काढली, प्लगला खूण केली, स्क्रूवर मेण भरलं. वही तिथंच ठेवून आलोय.” त्येनं कप खाली ठिवला. “शिंगटे, पान आपल्याकडे आहे ना?”

काय सांगू, तवाबी मी भडकलो. “माझ्याकडं कशाला असंल? भिजलं म्हनून लिवलं न्हवं वहीत?”

“नसेल तर प्रश्नच मिटला,” त्यो उठत म्हनला. “असेल तर मला नका दाखवू. त्याला दाखवा. मी त्याला काही बोललो नाही. त्याला वाटतंय, खुंटी आपल्यालाच नीट बसवता आली नाही.”

त्यो गेला. म्या दुकान बंद केलं आन् भर दुपारी घरी जाऊन ट्रंक उघडली.

चौथ्या दिवशी सत्तेचाळीसावं पान खिशात घालून मी दहिवडीला गेलो. पत्र्याचं दुकान, दारावर खडूनं लिवलेलं ‘काळेल रेडिओ’. समोर खुंटीचं भोक तसंच. आत बिराप्पा, पंचवीस-सव्वीसचा, हाताला पट्टी. मी नाव सांगितलं तसा त्यो धडपडत उठला आन् डाव्या हातानं माझं पाय शिवाय वाकला.

“आगं ए, हवालदार साहेब आलं!” त्येनं बायकूला हाक मारली. “आपल्यासाठी साताऱ्यासनं आलं!”

हरनाबाई पदर सावरत भाईर आली. तिनं घोंगडं टाकलं, च्या केला, बिनदुधाचा, गूळ घालून. मी कप तोंडाला लावला आन् परत खाली ठिवला.

“साहेब, तुमचं उत्तर बरोबरच हुतं,” बिराप्पा म्हनला. “धा-पंधरा दिस कसं झ्याक चाललं. माझ्याच हातनं खुंटी वर राहिली. तुमी मनाला लावून घेऊ नगा.”

हरनाबाई माझ्याकडंच बघत हुती. म्हनली, “आवं साहेब, ह्येंचा हात चालाय लागंल का वं? तुमी एवढं जानतं. न्हाईतर परत मुंबईची वाट हाय आमच्या नशिबी. पोरगं आत्ता कुठं बापाला वळखाय लागलंय.”

पान खिशात हुतं. छातीला लागत हुतं. हात खिशापतोर गेला. देवाशपथ सांगतो, खिशापतोर गेला. मग म्या रुमाल काढला आन् तोंड पुसलं. म्हनलो, “हुईल. हळूहळू हुईल.” आन् चारच्या गाडीनं परत आलो. सतरा वर्षं फौजेत काढली, पन असा भेकडपना म्या दुसऱ्या कुनाचाबी बघितला न्हाई.

जेष्ठात वही आली. फलटनवाल्यानं नुसती पुढं ढकलली हुती. शेवटच्या लिवलेल्या पानावर येडीवाकडी अक्षरं, पैलीतल्या पोरानं गिरवावी तशी. डाव्या हाताची.

‘डाव्या हाताने सोल्डर कसे मारावे, कोणी सांगेल काय? तार धरायला दुसरा हात लागतो, तो आता चालत नाही. सर्व पाने पुन्हा वाचली. हा प्रश्न मागे आलेला नाही. आला असल्यास माफी असावी.’

त्ये शेवटचं वाक्य वाचलं आन् दुकानात, गिऱ्हाइकासमोर, मला रडू फुटलं. त्ये बिचारं म्हनलं, “काय झालं हवालदार? कुनी गेलं का?”

मी उजवा हात पाठीमागं धोतराच्या काष्ट्यात खोवला आन् डाव्या हातानं सोल्डर माराय शिकाय लागलो. आता अंदाजानं न्हाई लिवायचं, करून बघून लिवायचं. बोटं भाजली. पाट आडवा धरून, त्येला कपडं वाळत घालायचा लाकडी चिमटा खिळ्यानं ठोकला, त्यात तार धरली, सोल्डरचं वेटोळं दातात धरलं. आठव्या दिवशी पहिला टाका नीट बसला. समदं लिवून काढलं, न दाबता, हलक्या हातानं. चिमट्याचं चित्रबी काढलं, पट्टी धरून. तसा पाट एक बनवून वहीबरूबर द्यायचा म्हनून पिशवीत घातला.

मग ऱ्हायलं त्ये सत्तेचाळीसावं पान. गोंदाची बाटली उघडायची, पान जागेवर लावायचं आन् खाली लिवायचं की ह्ये मी फाडलं. त्येला चार दिवस गेले. रोज बाटली काढायचो आन् परत ठिवायचो. चौथ्या दिवशी लावलं. लिवलं: ‘बिराप्पा, हे पान मी फाडले होते. माझे उत्तर चूक होते. तुझे काही चुकले नाही. जोतीराम शिंगटे.’ हवालदार लिवलं न्हाई.

वही पुढं कराडला जायला पायजे हुती. पन मी ती उलटी फिरवली. कोंडीबाच्या हातात दिली, म्हनलो, “त्येच्याच हातात दे बाबा. दुसऱ्या कुनाच्या न्हाई.”

संध्याकाळी कोंडीबा पिशवी घेऊनच परत आला. सुतळीची गाठ मी मारलेली, तशीच.

“त्यो गेला मुंबईला,” कोंडीबा म्हनला. “परवाच्या सोमवारी. धा-बारा दिस वाट बघितली त्येनं, रोज स्टँडवर यिऊन उभा राहायचा, पिशवी आली का म्हनून मलाच इचारायचा. कुठंतरी वॉचमनची जागा हाय म्हनं, हात लागत न्हाई त्या कामाला. दुकानाचा पत्रा काढून नेलाय.”

“बायकू हुती न्हवं? तिच्याकडं तरी द्यायचीस.”

“दिली की. गाठ बघितली तिनं, सोडलीबी न्हाई. म्हनली, उत्तर आलं असंल तर साहेबांना सांगा, आमच्यात आता वाचनारं कुनी न्हाई.”

मोघ्यांनी पुढं नवी वही काढली, पहिलं पत्र मलाच आलं. म्या उत्तर दिलं न्हाई. जुनी वही माझ्याकडं हाय, पिशवीत, पाटासकट. समदी पानं जागेवर हायत. चार वर्षं झाली, गाठ म्या अजून सोडली न्हाई.